यादी बंद झाल्यावर

17 एप्रिल 2014, गुरुवार. पुणे लोकसभा मतदारसंघात मतदान होतं. सकाळी केंद्रांवर रांगा लागल्या आणि दुपार व्हायच्या आत शहरात एकच तक्रार फिरू लागली: यादीत नाव नाही. मागच्या निवडणुकीत मत दिलेली माणसं, खिशात निवडणूक आयोगाचं ओळखपत्र असलेली माणसं, ज्यांच्या घरातल्या तिघांची नावं यादीत होती पण चौथ्याचं नव्हतं अशी माणसं केंद्रावरून परत फिरली. अशांची संख्या हजारोंत होती. संतापलेले लोक जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊन थडकले. पुढच्या आठवड्यात, 24 एप्रिलला, मुंबईच्या मतदानात तेच घडलं. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. पण ज्यांचं मत हुकलं त्यांच्यासाठी मतदान पुन्हा झालं नाही.

त्या दिवशी अनेकजण ओळखपत्र उंचावून भांडत होते. त्यांचा राग खरा होता, पण कायदा त्यांच्या बाजूचा नव्हता. ओळखपत्र फक्त हा माणूस कोण आहे एवढं सांगतं. मत देता येतं ते यादीत नाव असलं तरच. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62 इतकं सरळ आहे की त्यात वाद घालायला जागाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या, म्हणजे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात यादी कशी करायची ते सांगितलं आहे, आणि त्यातलं कलम 23 चं तिसरं पोटकलम या सगळ्या प्रकरणाचं कुलूप आहे. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पुरी होईपर्यंत यादीत एकही नाव घालता येत नाही, काढता येत नाही, बदलता येत नाही. पुण्याच्या त्या निवडणुकीत ही तारीख होती 26 मार्च. आयोगाने देशभर नोंदणीची खास शिबिरं घेतली होती 9 मार्चला. म्हणजे आपलं नाव गेलं आहे हे कळून ते परत आणायला जागरूक मतदाराच्या हातात पंधरवड्याहून थोडा अधिक वेळ होता. बाकीच्यांना पत्ता लागला थेट 17 एप्रिलला, जेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनाही काही करण्याचा अधिकार उरला नव्हता.

माझं मत असं, की मतदार नोंदणीचा वाद हक्कावर क्वचितच हरला जातो. तो तारखेवर हरला जातो. पुढचं सगळं वाचताना घड्याळाकडे लक्ष ठेवा.

नवीन नाव घालायचं तर फॉर्म 6 भरायचा. दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायची किंवा नाव कमी करायचं तर फॉर्म 7. दुरुस्ती किंवा पत्ताबदल असेल तर फॉर्म 8. फॉर्म 6 आला की निरंतर नोंदणीच्या काळात त्याची नोटीस सात दिवस लावली जाते, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. मग बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येते. बहुतेकदा ही कुणी शिक्षिका असते, नाहीतर अंगणवाडी सेविका, किंवा महापालिकेतला कर्मचारी. स्वतःचं काम सांभाळून तिला शेकडो घरं फिरायची असतात. तिच्या अहवालावर मतदार नोंदणी अधिकारी अर्ज मंजूर करतो किंवा फेटाळतो. फेटाळण्याची कारणं पुण्यात सहसा तीन-चारच असतात. दिलेल्या पत्त्यावर माणूस आढळला नाही, कागद अपुरे, नाव आधीच दुसऱ्या मतदारसंघात आहे, किंवा अर्हता दिनांकाला, म्हणजे ज्या तारखेला वय मोजलं जातं तेव्हा, वय पूर्ण नाही. यातलं पहिलं कारण सर्वांत जास्त भांडण लावणारं आहे, कारण ते सरळ दिसतं पण सरळ नाही.

कायद्याला हवा असतो त्या मतदारसंघातला ‘सर्वसाधारण रहिवासी’. हा कोण, ते कलम 20 सांगतं, पण बरंचसं नकारातून सांगतं. नुसतं घर मालकीचं असलं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. बाणेरला फ्लॅट घेऊन वर्षानुवर्षं बंद ठेवणाऱ्याला त्या फ्लॅटच्या जोरावर नाव घालता येणार नाही. उलट, काही दिवस बाहेरगावी गेला म्हणून कुणाचं रहिवासीपण जात नाही, त्यामुळे बीएलओ आली तेव्हा दाराला कुलूप होतं एवढ्यावर अर्ज निकाली काढणं चुकीचं आहे. तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेला माणूस केवळ तिथे आहे म्हणून तिथला रहिवासी होत नाही. येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि मनोरुग्णालयही आहे. कलमातला हा भाग नसता तर येरवडा ज्यात येतं त्या वडगाव शेरी मतदारसंघाच्या यादीचं काय झालं असतं, याची कल्पना करून पाहावी. परदेशी गेलेल्या पुणेकरांसाठी 2010 मध्ये कलम 20-अ आलं. भारतीय पासपोर्ट कायम असेल तर त्यावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं, मत द्यायला मात्र विमानाने यावं लागतं. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं त्यांना हा दरवाजा बंद.

आता सदाशिव पेठ, नारायण पेठ घ्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं-मुली इथे कॉट बेसिसवर राहतात. अभ्यासिकेत दिवस काढतात, मेसला जेवतात, चार-चार वर्षं गावी फक्त दिवाळीला जातात. विद्यार्थ्यांसाठी आयोगाची वेगळी तरतूद आहे. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी गावच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, कुठे तरी एकाच ठिकाणी, नाव घालू शकतो. त्यासाठी संस्थेच्या प्रमुखाचा दाखला लागतो, अभ्यासक्रम सरकार, बोर्ड किंवा विद्यापीठाने मान्य केलेला हवा आणि निदान एक वर्षाचा हवा. एमपीएससीचा क्लास या व्याख्येत बसत नाही. म्हणून या मुलांनी नोंदणीच करू नये असं मुळीच नाही. ती सर्वसाधारण रहिवासी म्हणून अर्ज करू शकतात. पण मग पत्त्याचा पुरावा कुठला? लाइट बिल मालकाच्या नावावर, आधार कार्ड लातूरचं, आणि भाडेकरार असलाच तर साध्या कागदावर. नियमाप्रमाणे नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. खोलीत चार कॉट टाकून भाडं रोखीत घेणारा मालक करार नोंदवायला उपनिबंधकाकडे कशाला जाईल?

अशा वेळी लक्षात ठेवायचं ते हे: पुराव्यांच्या यादीतला कुठलाच कागद नसला तरी अर्ज आपोआप फेटाळता येत नाही, प्रत्यक्ष पाहणी करावी लागते. फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी आयोगाची सूचना तर याहून पुढची आहे. बीएलओने रात्री जाऊन तो माणूस सांगितलेल्या ठिकाणी खरोखर झोपतो का ते पाहायचं. झोपत असेल तर पत्त्याचा कागद मागायचा नाही. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. बुधवार पेठेतल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या वाट्याला मात्र हे सहज आलं नाही. 14 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना स्पष्ट आदेश द्यावा लागला की या स्त्रियांना रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्रं द्या.

आणखी एक पुणेरी गुंता हद्दीचा आहे. शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ, पण पुणे लोकसभेत त्यातले सहाच येतात. हडपसर शिरूरमध्ये जातं, खडकवासला बारामतीत. कोथरूडमधून धायरीला घर बदललं की माणूस शहरातच राहतो, महापालिकेचाच कर भरतो, पण त्याचा खासदार बदलतो. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवायला कलम 17 आणि 18 ने मनाई आहे, आणि खोटं निवेदन दिलं तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे जुनं नाव काढायला विसरलेला प्रामाणिक माणूसही ‘दुबार’ म्हणून अडकतो.

अर्ज फेटाळला तर काय? इथे बहुतेक लोक चुकीच्या दारात उभे राहतात. नगरसेवकाकडे जातात, मुंबईला याचिका करायचं बोलतात, कुणी शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावायचं म्हणतं. दिवाणी न्यायालयाचा रस्ता कलम 30 ने बंदच केला आहे. कायद्याचा रस्ता कलम 24 मध्ये आहे: पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, पंधरा दिवसांत. तिथेही हरलात तर दुसरं अपील राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत. वकील हवाच असं नाही. हवा असतो तो फेटाळल्याचा लेखी आदेश, कारणासकट आणि तारखेसकट. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. मोबाइलवर ‘अर्ज नामंजूर’ एवढं दिसलं म्हणून स्वस्थ बसू नये, आदेशाची प्रत मागावी. त्यानंतर राहतं उच्च न्यायालय, अनुच्छेद 226 खाली. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात पुणे जिल्हा नाही. पुणेकराला अजून मुंबईचीच गाडी धरावी लागते.

आता घड्याळ पाहा. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यावर सातव्या दिवशी उमेदवारी अर्जांची मुदत संपते आणि यादी बंद होते. सात दिवसांची नोटीस, मग पाहणी, मग आदेश, मग पंधरा दिवसांचं अपील, मग तीस दिवसांचं. हे सगळं त्या मुदतीत बसवायचं तर सुरुवात कित्येक महिने आधी, निवडणुकीचं कुणी नावही काढत नसताना करायला हवी. नेमकं तेव्हाच कुणी यादी बघत नाही.

यादीतून माणसं गाळली जाऊ शकतात, ही भीती संविधान सभेतही होती. आधी ठरलं होतं की प्रत्येक प्रांताचा वेगळा निवडणूक आयोग असावा. जून 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी एकच केंद्रीय आयोग असावा असा बदल मांडला आणि त्यामागचं कारण स्पष्ट सांगितलं: काही प्रांतांत सरकारं वंशाने, संस्कृतीने, भाषेने आपल्यातले नसलेल्यांना यादीबाहेर ठेवत आहेत अशा तक्रारी आल्या होत्या. पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी जवळपास 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद केली होती, आणि तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तसली नोंद चालणार नाही असं ठरवलं. कठोर निर्णय होता, आणि मला तो आजही पूर्ण पटत नाही, पण पुढच्या निवडणुकीला बायका स्वतःच्या नावाने आल्या.

नाव आधी यादीत होतं आणि नंतर काढायला घेतलं, तर कायदा नागरिकाच्या बाजूला बराच झुकतो. याचं श्रेय ‘लाल बाबू हुसेन’ या निकालाला जातं. मुंबई आणि दिल्लीच्या वस्त्यांतल्या मतदारांना नव्वदीच्या सुरुवातीला नोटिसा गेल्या होत्या: भारतीय नागरिक असल्याचं सिद्ध करा, नाहीतर नाव जाईल. आधार बहुतांशी पोलिसांच्या अहवालांचा. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली. ज्याचं नाव आधीच्या यादीत आहे त्याची तपासणी त्या वेळी झाली असं धरावं. संशय असेल तर तो कशावरून आहे ते त्या माणसाला सांगावं, बाजू मांडू द्यावी, आणि केवळ पोलिसांच्या कागदावर निकाल देऊ नये. तीस वर्षांनी बिहारच्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावं गेली, तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाळलेल्यांची नावं कारणांसह प्रसिद्ध करायला लावली. कारण कळलं तरच अपील करता येतं. नव्याने नाव घालू पाहणाऱ्याला मात्र लाल बाबूचं हे कवच नसतं. आपण रहिवासी आहोत हे त्यालाच दाखवावं लागतं.

नुकसानभरपाईचं काय, असाही प्रश्न लोक विचारतात. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एल्सबरी गावात मॅथ्यू अॅशबी नावाच्या एका चांभाराला विल्यम व्हाइट या अधिकाऱ्याने मत देऊ दिलं नाही. त्याला हवा होता तो उमेदवार त्याच्या मताशिवायही निवडून आला. अॅशबीने तरीही दावा लावला. खालच्या पायरीवर तीन न्यायाधीश विरुद्ध गेले, एकटे मुख्य न्यायाधीश होल्ट म्हणाले की हक्क असेल तर तो मोडल्याची दाद मिळालीच पाहिजे, नुकसान दिसो वा न दिसो. शेवटी लॉर्ड्सच्या सभागृहाने होल्टचं म्हणणं उचलून धरलं आणि अॅशबीला पाच पौंड मिळाले. आपल्याकडे हे होणार नाही. यादीच्या कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम 32 खाली तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते, पण तक्रार आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशानेच व्हायला हवी. आणि त्याच कलमात लिहिलं आहे की अशा अधिकाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही. पुण्यातल्या 2014 च्या मतदाराला अॅशबीचे पाच पौंडही नाहीत.

तारखेपुढे न्यायालयंही नमतात. याचा पाया घालणारा निकाल दिला तो एका पुणेकराने. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड पुण्यात जन्मले, नूतन मराठी विद्यालयात आणि विधी महाविद्यालयात शिकले. घराण्याचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर. पश्चिम बंगालच्या मतदार याद्यांवरून 1982 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने असे आदेश दिले होते की विधानसभा निवडणूकच अडली असती. 1985 च्या ‘लक्ष्मीचरण सेन’ निकालात चंद्रचूडांच्या खंडपीठाने एक बाजू नागरिकाला दिली: यादी तयार करणं हा ‘निवडणुकी’चा भाग नाही, म्हणून निवडणुकीत न्यायालयांना मज्जाव करणाऱ्या अनुच्छेद 329 ची आडकाठी यादीच्या वादाला लागत नाही. दुसरी बाजू आयोगाला दिली: हरकती निकाली निघाल्या नाहीत म्हणून निवडणूक थांबवता येणार नाही. शेवटच्या तारखेला जी यादी लागू असेल तिच्यावर मतदान होईल. तर्क समजण्यासारखा आहे. प्रत्येक गाळलेल्या नावासाठी निवडणूक रोखली तर निवडणूक कधीच होणार नाही.

पण हाच तर्क उलटा चालला तर काय होतं, ते पुण्याने 2023 मध्ये पाहिलं. या वेळी नाव यादीत होतं, मतदानच नव्हतं. खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 रोजी वारले. 1951 च्या कायद्याच्या कलम 151-अ नुसार रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल, किंवा आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून तसं करणं अवघड आहे असा दाखला दिला, तरच सूट. लोकसभेची मुदत जून 2024 पर्यंत होती, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक. कसब्याची आठवण पुणेकरांच्या मनात ताजी होती. आमदार मुक्ता टिळक 22 डिसेंबर 2022 ला वारल्या आणि 26 फेब्रुवारी 2023 ला तिथे पोटनिवडणूक झालीही. लोकसभेसाठी मात्र ऑगस्टमध्ये आयोगाने दाखला दिला: यंत्रणा सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत आहे, आणि निवडून येणाऱ्याला जेमतेम काही महिने मिळतील.

पुण्यातला एक मतदार उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि कमल खाता यांनी तो दाखला रद्द केला आणि पोटनिवडणूक ताबडतोब घ्या असं सांगितलं. इतर कामात गुंतलो आहोत म्हणून संपूर्ण मतदारसंघ प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. मतदाराने कायद्यावर जिंकलेला खटला तारखेने निकालात काढला. पुण्याला नवा खासदार मिळाला तो सार्वत्रिक निवडणुकीतच, 4 जून 2024 च्या मतमोजणीनंतर. अकोला पश्चिममध्ये याच कलमाची दुसरी कड दिसली. मार्च 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने तिथली जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली, कारण उरलेली मुदत वर्षाच्या आत होती.

नव्या मतदारांच्या बाबतीत हे घड्याळ आणखी विचित्र चालतं. पूर्वी 1 जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता. 2021 च्या दुरुस्तीने 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर असे आणखी तीन आले. कागदावर वर्षातून चार दरवाजे. नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईची एक अठरा वर्षांची मुलगी उच्च न्यायालयात आली. तिला अठरा पूर्ण झाली होती एप्रिल 2025 मध्ये, आणि तिचा अर्ज घेतला जात नव्हता, कारण महाराष्ट्रासाठी धरलेली तारीख 1 ऑक्टोबर 2024 ची होती. न्यायालयाने तिच्या अर्जावर मुदतीत निर्णय घ्यायला सांगितलं.

महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी करत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतो, त्यात नवी नावं घालण्याचा अधिकार त्याला नाही. 15 जानेवारी 2026 च्या पुणे महापालिका निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 रोजी अस्तित्वात असलेली यादी घेतली गेली. त्याआधीची महापालिका निवडणूक झाली होती 21 फेब्रुवारी 2017 ला. मार्च 2022 पासून तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. म्हणजे 2017 च्या यादीत ज्याचं वय थोडक्यात कमी पडलं त्या पुणेकराला आपला पहिला नगरसेवक निवडताना सव्वीस वर्षं उलटून गेली होती. आणि 1 जुलै 2025 नंतर अठरा पूर्ण केलेल्याने, फॉर्म 6 कितीही बिनचूक भरला असला तरी, ते मतदान घरी बसून पाहिलं.